वेस्लींचा वारसा आणि दुभंगलेल्या पंथाचे एकीकरण

एखादा धर्मसंस्थापक निवर्तला म्हणजे त्याच्या अनुयायांपुढे जो पहिला प्रश्न उभा राहतो, तो सहसा तत्त्वज्ञानाचा नसतो, अधिकाराचा असतो. गुरूने काय सांगितले हे सर्वांना ठाऊक असते, निदान ठाऊक आहे असे सर्वांना वाटते. परंतु उद्या मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, प्रार्थनामंदिराच्या किल्ल्या कोणाकडे राहावयाच्या, आणि नव्या उपदेशकाला दीक्षा कोणी द्यावयाची, याचे उत्तर बहुधा गुरूने दिलेले नसते. दिलेले असले तर ते पुरेसे ठरत नाही. आपल्या देशातील संप्रदायांच्या इतिहासातून याची उदाहरणे श्रोत्यांना सहज आठवतील. आज मी घेणार आहे ते उदाहरण मात्र इंग्लंडमधील आहे. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी तेथे उभारलेली मेथॉडिस्ट मंडळी त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांच्या आत अनेक तुकड्यांत विभागली गेली, आणि विसाव्या शतकात त्यांतील बहुतेक तुकडे पुन्हा एकत्र आले. फूट कशी पडते हे जगाला चांगले माहीत आहे. फुटलेले सांधते कसे, आणि सांधताना कोणाला किंमत मोजावी लागते, हे पाहण्यासाठी या पंथाइतका बोलका इतिहास क्वचित सापडेल.

वेस्ली यांचा जन्म १७०३ साली लिंकनशायरमधील एप्वर्थ या गावी झाला. वडील सॅम्युअल हे इंग्लंडच्या राजमान्य, म्हणजे अँग्लिकन, चर्चचे गावातील धर्मगुरू होते. आई सुझॅना ही कडक शिस्तीची आणि तीक्ष्ण बुद्धीची स्त्री होती. घर मुलांनी भरलेले असतानाही प्रत्येक मुलाशी एकांतात बोलण्यासाठी तिने आठवड्यातील एकेक वेळ नेमून दिलेली असे. ऑक्सफर्ड येथे जॉन आणि त्यांचा धाकटा भाऊ चार्ल्स यांनी काही मित्रांसह एक लहानसे मंडळ चालविले. ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या दिवशी उपवास, तुरुंगातील कैद्यांच्या भेटी, असा त्यांचा नेम होता. इतर विद्यार्थ्यांनी चेष्टेने त्यांना मेथॉडिस्ट, म्हणजे पद्धतवाले, असे नाव ठेवले. थट्टेतून जन्मलेले हे नाव पुढे त्यांनी अभिमानाने मिरविले.

२४ मे १७३८ रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत वेस्लींना तो आंतरिक अनुभव आला, ज्याचा उल्लेख त्यांचे अनुयायी आजही करतात. पण त्यांच्या कार्याच्या दृष्टीने मला त्यापुढील वर्ष अधिक महत्त्वाचे वाटते. १७३९ साली, जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या आग्रहावरून, ते ब्रिस्टलजवळ उघड्या मैदानात उपदेश करू लागले. ऐकावयास येत ते कोळशाच्या खाणीतील मजूर, ज्यांची चर्चने फारशी विचारपूस कधी केली नव्हती. ऑक्सफर्डच्या या टापटिपीच्या पंडिताला शेतात उभे राहून बोलणे मुळीच रुचले नव्हते, हे त्यांच्या दैनंदिनीवरून दिसते. तरी पुढची पन्नास वर्षे त्यांनी तेच केले.

उपदेशाने जमलेली गर्दी दुसऱ्या दिवशी पांगते. वेस्लींची गर्दी पांगली नाही, याचे श्रेय एका हिशेबाच्या प्रश्नाला आहे. ब्रिस्टल येथील सभागृहावर कर्ज झाले होते. ते फेडण्यासाठी १७४२ साली सभासदांची बैठक भरली, तेव्हा प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी अशी सूचना कॅप्टन फॉय या गृहस्थांनी मांडली. कित्येकांना तेवढेही परवडणार नाही, अशी हरकत कोणी घेताच ते म्हणाले की, त्यांच्यातील सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. दर आठवड्याला मी त्यांच्या घरी जाईन, आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. इतरांनीही अशाच जबाबदाऱ्या पत्करल्या. घरोघर पेनी गोळा करणाऱ्या या माणसांना आपोआपच कोण आजारी आहे, कोण दारूकडे वळला आहे, कोणाच्या घरात भांडण चालू आहे, हे कळू लागले. वेस्लींनी ही गोष्ट ताबडतोब हेरली आणि तिची वर्गसभा बनविली: बारा-एक माणसांचा वर्ग, त्यावर एक वर्गनायक, आठवड्याची भेट, आणि दर तिमाहीला वर्तन पाहून नवे तिकीट. वर्गनायक बहुधा सामान्य मनुष्य असे: विणकर, सुतार, दुकानदार, आणि अनेकदा स्त्रियाही. जगात ज्यांना कोणी विचारीत नव्हते त्यांच्या हाती दहा-बारा आत्म्यांची काळजी सोपविली गेली.

परंतु या रचनेचा दुसरा भागही लक्षात घ्यावयास हवा. खाली इतके लोकराज्य असले तरी वरती सर्व सत्ता एकट्या वेस्लींची होती. उपदेशकांच्या फिरतीची क्षेत्रे तेच आखीत, कोणाला कोठे पाठवावयाचे हे तेच ठरवीत. १७४४ पासून ते दरवर्षी उपदेशकांची परिषद भरवीत, पण तीत बोलवावयाचे कोणाला हे त्यांच्याच मर्जीवर असे. मतदान नव्हते. कोणी या एकतंत्राबद्दल कुरकुर केली तर, ही माणसे माझ्याकडे आपण होऊन आली आणि आपण होऊन जाऊ शकतात, असे त्यांचे उत्तर असे. संस्थापक हयात असेपर्यंत असे उत्तर चालते.

एक्याऐंशीव्या वर्षी, १७८४ मध्ये, वेस्लींनी वारसाची व्यवस्था केली. त्या एका वर्षातील दोन कृत्यांत पुढील दीडशे वर्षांच्या भांडणांची बीजे आहेत. पहिले कृत्य कायद्याचे. त्यांनी न्यायालयात एक घोषणापत्र नोंदवून शंभर उपदेशकांची नावे दिली. आपल्या पश्चात परिषद म्हणजे हे शंभर जण. त्या वेळी उपदेशक दोनशेच्या आसपास होते. म्हणजे जवळजवळ निम्मे वगळले गेले. त्यांची नाराजी ओळखून वेस्लींनी एक पत्र मागे ठेवले. शंभरांनी आपल्या अधिकाराचा उपयोग बाकीच्या बंधूंवर वरचढपणा करण्यासाठी करू नये, अशी त्यात विनवणी होती. मृत्यूनंतरच्या पहिल्या परिषदेत ते वाचले गेले आणि ते मानलेही गेले. मात्र त्या शंभरांत वर्गनायकांपैकी, म्हणजे पेनी गोळा करणाऱ्यांपैकी, कोणीही नव्हते. ही गोष्ट घोषणापत्रात जितकी ठळक होती तितकी त्या विनवणीपत्रात नव्हती. शासकीय कागदपत्रांत उमेदीची वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला यात नवल वाटत नाही. दस्तऐवजात जे लिहिले जाते ते टिकते, आणि त्यासोबतच्या पत्रातील सदिच्छा फायलीच्या तळाशी जाते.

दुसरे कृत्य दीक्षेचे. अमेरिका स्वतंत्र झाली होती, तेथील अनुयायांना प्रभुभोजनाचा विधी करावयास धर्मगुरू मिळत नव्हते, आणि बिशप दीक्षा देण्यास तयार नव्हते. तेव्हा बिशप नसलेल्या वेस्लींनी स्वतःच्या हाताने दोघांना दीक्षा दिली आणि थॉमस कोक यांना अमेरिकेचे अधीक्षक नेमून पाठविले. अँग्लिकन शिस्तीप्रमाणे हे उघड उल्लंघन होते. चार्ल्स यांना याचा इतका मनस्ताप झाला की, भावाने पंथाची वाट चर्चपासून तोडली, असे त्यांचे ठाम मत झाले. १७८८ साली ते वारले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांना मेरिलबोन येथील गावच्या चर्चच्या आवारात पुरण्यात आले. जॉन १७९१ साली वारले आणि सिटी रोडवरील आपल्याच प्रार्थनामंदिरामागे विसावले. आपण अँग्लिकन चर्चचेच सभासद आहोत, असे ते अखेरपर्यंत म्हणत राहिले, आणि तसे ते मनापासून मानीत होते.

आता फुटींकडे वळू. त्यांची पूर्ण वंशावळ सांगत बसलो तर श्रोत्यांचा धीर सुटेल. १७९७ मध्ये अलेक्झांडर किल्हॅम यांच्या अनुयायांनी, परिषदेत सामान्य सभासदांनाही जागा हवी, या मागणीवरून वेगळा पंथ काढला. १८०७ च्या मे महिन्यात मो कॉप नावाच्या टेकडीवर ह्यू बोर्न या सुताराने दिवसभराची उघड्यावरील प्रार्थनासभा भरविली. परिषदेने अशा सभा अनुचित ठरविल्या. बोर्न यांना काढून टाकण्यात आले, आणि पुढे कुंभारकाम करणारे विल्यम क्लोज यांनाही. या दोघांच्या अनुयायांनी आद्य मेथॉडिस्ट हे नाव घेतले. या नावातच त्यांचा दावा होता. मैदानात उपदेश करूनच वेस्लींनी पंथ उभारला होता आणि आता त्यांचे वारस मैदानालाच भीत होते. खाणकामगार आणि शेतमजूर यांच्यात हा पंथ झपाट्याने पसरला. १८७२ साली शेतमजुरांचा संघ उभारणारे जोसेफ आर्च हे याच पंथाचे उपदेशक होते.

लीड्स येथील १८२७ सालचे भांडण तर एका ऑर्गनवरून झाले. प्रार्थनामंदिरात हे वाद्य बसवावे असे विश्वस्तांना वाटत होते, तर वर्गनायक व स्थानिक उपदेशक यांचा विरोध होता. परिषदेने विश्वस्तांच्या बाजूने कौल दिला आणि शेकडो माणसे बाहेर पडली. एका वाद्यासाठी मंडळी दुभंगली, असे म्हणून आपण हसतो. पण ज्यांनी ती मंडळी चालविली त्यांच्या मताला दूरच्या परिषदेपुढे काही किंमत आहे की नाही, हा त्या भांडणाचा खरा विषय होता. त्या काळी परिषदेवर जेबेझ बंटिंग या कर्तबगार पण करड्या नेत्याचा प्रभाव होता. १८४९ मध्ये त्यांच्यावर टीका करणारी निनावी पत्रके निघाली. ती तुम्ही लिहिलीत काय, या प्रश्नाचे उत्तर न दिल्याबद्दल तिघा उपदेशकांना काढण्यात आले. त्यानंतरच्या काही वर्षांत मूळ पंथाने सुमारे एक लाख सभासद गमावले.

या सर्व फुटींत एक गोष्ट सारखी आहे. ईश्वराची कृपा सर्वांसाठी आहे, या वेस्लींच्या मूळ शिकवणीवरून एकही फूट पडली नाही. चार्ल्स यांची भजने सर्व पंथांत गायिली जात, वर्गसभा सर्वत्र भरत, वेस्लींची प्रवचने सर्वजण वाचीत. प्रत्येक जण वेस्लींचेच नाव घेई, आणि प्रत्येकाचे म्हणणे खरेही होते. एकाने शंभरांची परिषद उचलली, दुसऱ्याने मैदान, तिसऱ्याने वर्गनायक. संस्थापकाने जे स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाच्या बळावर एकत्र बांधले होते, ते त्यांच्यामागे प्रत्येकाने आपापल्या पसंतीप्रमाणे वाटून घेतले.

एकत्र येण्याची क्रिया सावकाश झाली. १९०७ साली तीन लहान पंथ एक झाले. मग उरले तीन: मूळचे वेस्लियन, आद्य, आणि हे नवे संयुक्त. त्यांची बोलणी महायुद्धानंतर दहा-बारा वर्षे चालली. वेस्लियन पंथाला आपल्या धर्मगुरूंच्या दीक्षेचे मोल वाटे आणि प्रभुभोजनाचा विधी दीक्षा न घेतलेल्याने करावा हे त्यांना मान्य नव्हते. दुसऱ्या दोघांकडे तो प्रघात होता. १९२९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने या एकीकरणासाठी कायदा केला, कारण हजारो प्रार्थनामंदिरांच्या मालकीचे दस्त जुन्या पंथांच्या नावे होते. अखेर २० सप्टेंबर १९३२ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तिन्ही पंथ एक झाले. पुढे सहावे जॉर्ज म्हणून गादीवर आलेले यॉर्कचे ड्यूक त्या समारंभास हजर होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जॉन स्कॉट लिजेट पहिले अध्यक्ष झाले.

एकीकरणाच्या करारातील दोन कलमे मला मार्मिक वाटतात. अध्यक्ष धर्मगुरू असेल, तर उपाध्यक्ष सामान्य सभासद असेल, असे त्यात ठरले. आणि वेस्लींचे ते शंभर जण इतिहासजमा झाले. किल्हॅम यांनी जे मागितले आणि ज्यासाठी त्यांना बाहेर जावे लागले, ते असे एकशे पस्तीस वर्षांनी पूर्णत्वास गेले. दुसरे कलम सिद्धांताचे. वेस्लींची नव्या करारावरील टिपणे आणि त्यांच्या प्रवचनांचे पहिले चार खंड ही उपदेशाची कसोटी मानली गेली, परंतु त्यांतील प्रत्येक मत बंधनकारक नाही, असेही त्यात नमूद केले गेले. म्हणजे संस्थापकाचा अधिकार कोणा वारसाकडे न देता तो त्यांच्या ग्रंथांकडे सोपविण्यात आला, आणि ग्रंथही सैलसर हाताने धरण्यात आले.

या एकीकरणामागे केवळ बंधुप्रेम होते असे नाही. सभासदांची संख्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर घसरू लागली होती. ओहोटी लागल्यावरच नावा एकमेकींना बांधल्या गेल्या, असे काही इतिहासकारांचे मत आहे. त्यात तथ्य आहे. शिवाय लंडनमध्ये पंथ एक झाले तरी खेड्यात एकाच रस्त्यावरील दोन-तीन मेथॉडिस्ट प्रार्थनामंदिरे पुढे कित्येक वर्षे वेगवेगळी उघडी राहिली. आजोबांनी ज्याची वीट वाहिली ते मंदिर बंद करून समोरच्यांकडे जाणे लोकांना जड जाई. तरीही हे एकीकरण खरे होते, कारण ज्या प्रश्नावरून फूट पडली होती तो प्रश्न त्यात सोडविला गेला. अमेरिकेत नेमके हेच घडले नाही.

वेस्ली गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. १७७४ मध्ये त्यांनी तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि मृत्यूच्या काही दिवस आधी विल्बरफोर्स यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याला बळ दिले. अमेरिकेतील मंडळीनेही १७८४ साली सभासदांनी गुलाम मुक्त करावेत असा नियम केला, आणि विरोध होताच काही महिन्यांत तो स्थगित केला. फिलाडेल्फियाच्या एका प्रार्थनामंदिरात काळ्या उपासकांना प्रार्थना चालू असतानाच गुडघ्यांवरून उठविण्यात आले. गुलाम म्हणून जन्मलेले व स्वतःचे मोल चुकवून मुक्त झालेले रिचर्ड ॲलन आपल्या सोबत्यांसह तेथून बाहेर पडले. त्यांचा स्वतंत्र आफ्रिकन मेथॉडिस्ट पंथ १८१६ मध्ये स्थापन झाला. पुढे १८४४ च्या न्यूयॉर्क येथील परिषदेत जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्या घरी गुलाम आहेत, हा प्रश्न आला. ती अडचण दूर होईतो त्यांनी पदाचे काम थांबवावे, असा ठराव ११० विरुद्ध ६८ मतांनी झाला. दुसऱ्याच वर्षी दक्षिणेकडील मंडळींनी आपला वेगळा पंथ उभारला. मालमत्तेच्या वाटणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १९३९ साली, कॅन्सस सिटी येथे उत्तर, दक्षिण आणि आणखी एक लहान पंथ एक झाले. एकीकरणाच्या योजनेत सहा विभाग होते. पाच विभाग भूगोलावरून पाडले होते. सहावा, मध्यवर्ती म्हणविला जाणारा, वर्णावरून. काळ्या सभासदांच्या परिषदा, त्या कोठेही असोत, बहुतेक सर्व या सहाव्या विभागात घातल्या गेल्या. दक्षिणेने एकत्र येण्यासाठी मागितलेली ही किंमत होती, आणि उत्तरेने ती दिली, पण स्वतःच्या खिशातून नव्हे. १९३६ मध्ये उत्तरेच्या परिषदेत या योजनेवर मते घेतली गेली, तेव्हा सत्तेचाळीस काळ्या प्रतिनिधींपैकी छत्तीस जणांनी विरुद्ध मत दिले आणि अकरा तटस्थ राहिले. बाजूने एकही मत पडले नाही. तरी योजना मंजूर झाली. दोन भाऊ समेट करतात आणि तिसऱ्याला पडवीत झोपावयास सांगतात, अशा समेटाला एकी म्हणावयाची माझी तयारी नाही. हा विभाग १९६८ साली, डॅलस येथे आणखी एका पंथाशी मिलन होऊन युनायटेड मेथॉडिस्ट चर्च स्थापन झाले त्या वेळी, रद्द झाला. दक्षिणेत काही ठिकाणी प्रत्यक्ष विलीनीकरणास आणखी चार-पाच वर्षे लागली.

त्या संयुक्त मंडळीतही पुढे फूट पडली. समलिंगी व्यक्तींचे विवाह आणि त्यांची दीक्षा यांवरून २०१९ मध्ये सेंट लुइस येथील विशेष परिषदेने जुनी बंदी कायम ठेवली, परंतु तेढ वाढतच गेली. २०२३ अखेर अमेरिकेतील ७,५०० हून अधिक स्थानिक मंडळ्या, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश, बाहेर पडल्या. त्यांतील बऱ्याच २०२२ साली निघालेल्या ग्लोबल मेथॉडिस्ट चर्चमध्ये गेल्या. उरलेल्यांच्या परिषदेने २०२४ मध्ये बंदी उठविली. दोन्ही बाजू वेस्लींचा आधार देतात, हे सांगावयास नकोच. या वेळी मात्र बाहेर जाणाऱ्यांना मालमत्तेसह जाण्यासाठी ठराविक रक्कम व मुदत यांचा नियम आधीच करून ठेवलेला होता.

१७८४ च्या दुसऱ्या कृत्याचे, म्हणजे त्या दीक्षेचे, काय झाले? अँग्लिकन आणि मेथॉडिस्ट यांनी पुन्हा एक व्हावे ही योजना इंग्लंडमध्ये १९६९ साली मतास आली. पंचाहत्तर टक्के मते हवी होती. मेथॉडिस्ट परिषदेने ती दिली. अँग्लिकनांकडे ती एकोणसत्तर टक्क्यांवर अडली. १९७२ मध्ये पुन्हा तसेच झाले. २००३ साली दोघांत सहकार्याचा करार झाला, पण मंडळ्या दोनच राहिल्या.

जे वेस्लींच्या देशात साधले नाही ते आपल्या देशात त्यापूर्वीच साधले होते. दक्षिणेत १९१९ मध्ये तरंगमबाडी येथे सुरू झालेल्या बोलण्यांतून, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट, आणि प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांची आधीच एक झालेली मंडळी, हे सारे त्यात आले. मेथॉडिस्टांनी बिशप स्वीकारले. अँग्लिकनांनी पूर्वी दीक्षित झालेल्या कोणालाही पुन्हा दीक्षा घ्यावयास लावले नाही. एका मिशनचे गाव येथे आणि दुसऱ्याचे पलीकडे, ही वाटणी परदेशातील भांडणांची होती, आणि त्या भांडणांशी भारतीय ख्रिस्ती माणसाचा काडीचाही संबंध नव्हता. कदाचित त्यामुळेच येथे हे सोपे गेले.

उत्तर भारतासाठी असेच एकीकरण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे झाले. सहा मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मिळाल्या. ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट त्यांत होते. अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी मात्र बोलण्यांत अनेक वर्षे सहभागी असूनही त्याच वर्षी ऐनवेळी मागे सरली. विल्यम बटलर यांनी १८५६ मध्ये बरेलीकडे आणि विल्यम टेलर यांनी १८७१ पासून मुंबईत जिची पायाभरणी केली, ती हीच मंडळी. १९८१ साली ती मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाली. आपल्या देशात मेथॉडिस्ट हे नाव आज मुख्यतः तिच्याकडे आहे. वेस्लींच्या मायदेशातून आलेल्या शाखेच्या मंडळ्यांनी मद्रासला आणि नागपूरला ते नाव खाली ठेवले.